उशिराचा मान

ह्यूगो पुरस्कार 1953पासूनचे. त्याआधीच्या विज्ञानकथा मागे पडू नयेत म्हणून ‘रेट्रो ह्यूगो’ आला. मत समीक्षकांचं नाही, वर्ल्डकॉन या जागतिक विज्ञानकथा संमेलनाच्या सभासद-वाचकांचं. 1996मध्ये पहिल्या खेपेला आयझॅक असिमॉव्हच्या ‘द म्यूल’ला कादंबरीचा मान मिळाला. छापून आल्यावर तब्बल 51 वर्षांनी!

आपल्याकडे असा ‘रेट्रो’ मान द्यायचा झाला तर? 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ पहिले आले. नावाची आद्याक्षरं उलटी वाचा: जयंत विष्णू नारळीकर. कथा ‘कृष्णविवर’. तिला वेळीच बक्षीस मिळालं, म्हणून ती ‘रेट्रो’त बसणार नाही. श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’ ही विज्ञानकथा मात्र शंभरी ओलांडून बसली आहे. तुमचं मत कुणाला?