पायवाटेला निधी हवाय? आधी ती नकाशावर आणा

कर्जत तालुक्यातलं माथेरान बरंचसं पायी चालतं. गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. नगरपरिषद पर्यटकांकडून प्रवेशकर घेते, म्हणजे वाटांसाठी हाताशी स्वतःचं उत्पन्न तरी आहे.

डोंगरातल्या वाड्यांकडे असला नाका नाही. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूरच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा बचाव पथकं पायवाटेनंच वर चढली. मोठी यंत्रं नेता आली नाहीत.

अशा वाटेसाठी पैसे मागायचे तर ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात काम बसवावं लागतं. 2021 ते 2026 साठीच्या 15व्या वित्त आयोगाच्या अनुदानात 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेला बांधलेली होती. उरलेल्या 40 टक्क्यांत गटारं, दिवे, काँक्रीट रस्ते, सगळेच रांगेत. तिथे ‘आमची जुनी वाट आहे’ एवढ्यावर भागत नाही. लांबी किती, जागा कुणाची, हे सांगावं लागतं.

लांबी फोन सांगतो. ओएसएमअँड अ‍ॅपमध्ये ट्रिप रेकॉर्डिंग सुरू करा आणि वाट चाला. रेंज नसली तरी चालेल, कारण जीपीएस थेट उपग्रहांचे सिग्नल घेतं, त्याला इंटरनेट लागत नाही. दाट झाडीत मात्र रेषा इकडेतिकडे उडते, म्हणून जाता-येता दोन्ही वेळा रेकॉर्ड करा. जिथे ओढा आडवा येतो तिथे लोकेशन चालू ठेवून फोटो काढा. मग तयार झालेली जीपीएक्स फाइल ओपनस्ट्रीटमॅपवर चढवा आणि तिच्यावरून वाट काढा. हा नकाशा कुणीही खातं उघडून सुधारू शकतं. गूगल मॅपवरून बघून रेषा मारू नका, परवान्यात बसत नाही.

जागेचं उत्तर तलाठ्याकडच्या गावनकाशात असतं. पायमार्ग एका तुटक रेषेनं दाखवतात, गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेनं. तिथे रेषा सापडली तर निम्मं काम झालं. वाट वनजमिनीतून जात असेल तर 2006 चा वनहक्क कायदा बघा. ग्रामसभेची शिफारस असेल आणि हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडावी लागत नसतील, तर रस्त्यासारख्या सुविधेला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन मिळू शकते.

मागणी लिहिताना एक गोष्ट ठरवून घ्या: पायऱ्या की उतार? पायऱ्या बांधल्या की सायकलचा विषय संपला. उतार ठेवला तर शाळेची पोरं ती निदान ढकलत तरी आणतील. मला उतारच बरा वाटतो. मात्र पाणी बाजूला काढायला चर हवाच, नाहीतर पहिल्याच पावसात वाट वाहून जाईल.

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत नकाशाची प्रिंट घेऊन जा आणि ठराव लिहून घ्या. पुढे ई-ग्रामस्वराज पोर्टलवर आपल्या पंचायतीचा आराखडा आणि खर्च उघडून बघता येतो. काम पूर्ण दिसतंय आणि वाट तशीच असेल, तर पुन्हा चालून नवीन रेकॉर्डिंग करा. 26 जानेवारीला परत ग्रामसभा असते.