दिल्लीतल्या तीन खुर्च्या आणि निजामाचा मुलूख

१९९१च्या उन्हाळ्यात दिल्लीत नवं सरकार आलं आणि पुढची पाच वर्षं देशाच्या तीन मोठ्या खुर्च्यांवर तीन माणसं बसली. लोकसभेचे सभापती लातूर जिल्ह्यातल्या चाकूरचे शिवराज पाटील. गृहमंत्री नांदेडचे शंकरराव चव्हाण. आणि पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव, वरंगळकडचे. वर्तमानपत्रांनी दोघांना महाराष्ट्राचं म्हटलं, एकाला आंध्राचं. ते बरोबरच होतं. पण तिघांच्या जन्मगावांवर बोट ठेवून जुना नकाशा उघडला, तर तिन्ही गावं एकाच रंगात सापडतात. तिघेही निजामाची रयत म्हणून जन्मले होते.

आणखी एक धागा आहे. राव आणि शंकरराव हे दोघेही स्वामी रामानंद तीर्थांच्या हाकेवर हैदराबाद मुक्तिसंग्रामात उतरलेले कार्यकर्ते. भगव्या कपड्यातल्या एका शाळामास्तरानं उभ्या केलेल्या चळवळीतून चाळीस-बेचाळीस वर्षांनी देशाचा पंतप्रधानही निघाला आणि गृहमंत्रीही. नेत्यांच्या आयुष्यातल्या नवलाच्या गोष्टी आपण गंमत म्हणून वाचतो आणि पान उलटतो. नांदेड-लातूरकडच्या नेत्यांच्या बाबतीत तसं करून चालत नाही. इथली जवळजवळ प्रत्येक नवलाची गोष्ट कुठे ना कुठे मुलखाच्या इतिहासाला जाऊन मिळते.

स्वामीजींचंच घ्या. त्यांचं मूळ नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा, म्हणजे ब्रिटिश मुलखातला. मराठवाड्याचा हा सर्वांत मोठा नेता मराठवाड्यात जन्मलाच नाही! तरुणपणी त्यांनी कामगार चळवळीचे नेते ना. म. जोशी यांचे सचिव म्हणून काम केलं. मग उस्मानाबाद जिल्ह्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि पुढे अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत ते मुख्याध्यापक झाले. ज्या संस्थानात सभा भरवायलाही परवानगी लागायची, तिथे शाळा हीच राजकारणाची जागा होती. हैदराबाद स्टेट काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले, तुरुंगात गेले. १७ सप्टेंबर १९४८ला संस्थान भारतात आलं. पुढे १९५२ला गुलबर्ग्यातून आणि १९५७ला औरंगाबादेतून ते लोकसभेवर गेले. पण मंत्रिपदाच्या वाटेला गेले नाहीत. त्यांचे कार्यकर्ते मंत्री झाले, मुख्यमंत्री झाले. स्वामीजी संन्यासीच राहिले आणि १९७२च्या जानेवारीत हैदराबादेत वारले.

नरसिंह रावांचं मराठीशी असलेलं नातं महाराष्ट्राला माहीत आहे, पण असायला हवं तितकं नाही. ह. ना. आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीचा त्यांनी तेलुगूत अनुवाद केला, ‘अबल जीवितम्’ या नावानं. मराठी घरातल्या बाईचं दुःख सांगणारी ही एकोणिसाव्या शतकातली कादंबरी तेलुगू वाचकाला कळावी, असं पुढे पंतप्रधान झालेल्या माणसाला वाटलं. त्यांनी कायद्याची पदवी घेतली ती नागपूरची. निजामाविरुद्धच्या लढ्यात काम केलं ते सरहद्दीपलीकडच्या चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, कॅम्पातून.

मराठी मतदारानंही त्यांची परतफेड केली, तीही अगदी वेळेला. १९८४च्या निवडणुकीत देशभर काँग्रेसची लाट होती. भाजपला साऱ्या देशात मिळून दोन जागा मिळाल्या. त्यांपैकी एक होती हनमकोंडा, आणि तिथे हरलेले उमेदवार होते नरसिंह राव. पण त्याच निवडणुकीत ते नागपूरशेजारच्या रामटेकमधूनही उभे होते. रामटेकनं त्यांना निवडून दिलं आणि १९८९ला पुन्हा दिलं. हनमकोंड्यात बुडालेलं त्यांचं राजकारण विदर्भानं काठाला लावलं.

शंकरराव चव्हाण नरसिंह रावांपेक्षा वर्षभरानंही मोठे नव्हते. जन्म १४ जुलै १९२०चा. नांदेड म्हणजे शंकरराव असं समीकरण पक्कं असलं, तरी ते जन्मले पैठणला, गोदावरीच्या काठी. कायद्याची पदवी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाची. हे विद्यापीठ निजामानं उर्दू माध्यमाचं म्हणून काढलं होतं. म्हणूनच त्या पिढीतल्या मराठवाड्याच्या वकील मंडळींच्या बोलण्यात अर्जी, दाखला, तहरीर असे शब्द सहज यायचे. नांदेडच्या नगरपालिकेचं अध्यक्षपद सांभाळून शंकरराव १९५६ला द्विभाषिक मुंबई राज्यात उपमंत्री झाले आणि महाराष्ट्र झाल्यावर त्यांच्याकडे पाटबंधारे खातं आलं.

इथे पैठणची गोष्ट पुन्हा येते. गोदावरीवरच्या मोठ्या धरणाची पहिली जागा ठरली होती बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी नावाच्या गावाजवळ. पुढे जागा नदीच्या वरच्या अंगाला पैठणला सरकली, पण नाव जुनंच राहिलं. म्हणून जायकवाडी धरण जायकवाडीत नाही! १८ ऑक्टोबर १९६५ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ला इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. सुमारे दहा किलोमीटर लांबीची मातीची भिंत, सत्तावीस दरवाजे, आणि जलाशयाला नाव संत एकनाथांचं, नाथसागर. उद्घाटनाच्या दिवशी राज्याचे मुख्यमंत्री होते शंकरराव. ज्या गावात जन्म, त्याच गावाच्या वेशीवर आपल्या हयातीतलं सर्वांत मोठं काम उभं राहिलेलं पाहण्याचं भाग्य किती राजकारण्यांना लाभतं?

मुंबईतल्या राज्य सरकारच्या इमारतीचं नावही त्यांच्याच काळात बदललं. आधी तिला सचिवालय म्हणत, म्हणजे सचिवांचं घर. १९७५ला ते मंत्रालय झालं. एका शब्दाचा फरक, पण कारभार कोणाच्या नावानं चालतो हे तो शब्द सांगतो. शंकररावांना लोक ‘हेडमास्तर’ म्हणायचे. फाईल, वेळ, शिस्त यांत ते कोणाचीही गय करत नसत. १९८६ला दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाल्यावर त्यांनी शून्याधारित अर्थसंकल्प आणला: गेल्या वर्षी पैसे मिळाले म्हणून यंदाही मिळतील असं नाही, प्रत्येक खर्चाची गरज पहिल्यापासून सिद्ध करा. खात्यांना ते जड गेलं. पण ज्या भागात पाण्याचा थेंब मोजून वापरावा लागतो, तिथल्या माणसानं पैसाही तसाच मोजावा, हे समजण्यासारखं आहे.

हेडमास्तर शिस्त दुसऱ्यांनाच लावत होते असं नाही. मुख्यमंत्रिपद भूषवलेले शंकरराव १९७८ला सदतीस वर्षांच्या शरद पवारांच्या मंत्रिमंडळात मंत्री म्हणून बसले. काही वर्षांपूर्वी हेच पवार त्यांच्या मंत्रिमंडळात होते.

आता लातूरकडे वळू. दिल्लीला जे शिवराज पाटील, ते लातूरला चाकूरकर. तसेच निलंगेकर, तसेच कव्हेकर. मराठवाड्यात पाटील इतके, की गावाचं नाव लावल्याशिवाय कोणता पाटील ते कळत नाही. चाकूरकर लातूरचे नगराध्यक्ष होते, मग आमदार, मग १९७८-७९मध्ये विधानसभेचे अध्यक्ष. १९८०पासून ओळीनं सात वेळा ते लातूरचे खासदार झाले. मुंबईच्या विधिमंडळात अध्यक्ष आणि पुढे लोकसभेचा सभापती असा प्रवास त्यांच्याआधी आणखी एका मराठी माणसानं केला होता: लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळणकर.

निलंग्याच्या शिवाजीराव पाटलांच्या आयुष्यात तर नकाशाच हलत राहिला. १९३१ला ते जन्मले तेव्हा निलंगा बीदर जिल्ह्यात होतं. १९५६ला भाषावार प्रांतरचना झाली, कर्नाटकाकडे बीदर गेलं आणि निलंगा उस्मानाबाद जिल्ह्यात आलं. १९८२च्या ऑगस्टमध्ये लातूर जिल्हा झाला आणि निलंगा लातूरचं झालं. गाव जागेवर, माणूस जागेवर, जिल्हे तीन. १९८५च्या जूनमध्ये ते मुख्यमंत्री झाले तेव्हा लातूर जिल्ह्याला तीन वर्षंही पुरी झाली नव्हती. तान्ह्या जिल्ह्यानं राज्याला मुख्यमंत्री दिला. पण खुर्ची फार टिकली नाही. मुलीच्या एम. डी. परीक्षेतल्या गुणांच्या प्रकरणात उच्च न्यायालयानं ताशेरे ओढले आणि १९८६च्या मार्चमध्ये त्यांनी राजीनामा दिला.

२००४ साली मात्र निलंगेकरांच्या घरात जे घडलं, तसं क्वचितच कुठे घडलं असेल. लोकसभेला भाजपकडून उभ्या राहिलेल्या त्यांच्या सूनबाई रूपाताई पाटील यांनी सात वेळा निवडून आलेल्या चाकूरकरांना हरवलं. काही महिन्यांनी विधानसभा लागली. निलंग्यात काँग्रेसचे उमेदवार शिवाजीराव, आणि समोर भाजपचे उमेदवार त्यांचे नातू, म्हणजे रूपाताईंचे चिरंजीव संभाजी पाटील. नातवानं आजोबांना हरवलं. एकाच वर्षात एका घरातल्या आईनं लोकसभेचा माजी सभापती पाडला आणि मुलानं माजी मुख्यमंत्री! शिवाजीरावांनी त्यानंतर राजकारण सोडलं असतं, तर कोणी नावं ठेवली नसती. त्यांनी पाच वर्षं वाट पाहिली. २००९ला, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ते पुन्हा निलंग्यात उभे राहिले आणि नातवाला हरवून विधानसभेत गेले.

पडलेल्या चाकूरकरांचं काय झालं? ते राज्यसभेवर गेले आणि त्याच वर्षी देशाचे गृहमंत्री झाले. बाभळगावच्या विलासराव देशमुखांची कथाही पराभवातूनच वर येते. सत्तरच्या दशकात बाभळगावचे सरपंच, १९८०पासून लातूरचे आमदार, मग मंत्री. आणि १९९५ला जनता दलाच्या शिवाजीराव पाटील कव्हेकरांनी त्यांना त्यांच्याच लातुरात मोठ्या फरकानं हरवलं. पुढच्या वर्षी ते शिवसेनेच्या पाठिंब्यावर विधान परिषदेला उभे राहिले आणि अर्ध्या मतानं पडले. मत अर्धं कसं असेल, हा प्रश्न तेव्हा गावोगाव विचारला गेला. आमदार मतदान करतात तेव्हा पसंतीक्रम लिहितात. मोजणीत प्रत्येक मतपत्रिकेची किंमत शंभर धरतात, आणि निवडून आलेल्या उमेदवाराची जास्तीची मतं पुढच्या पसंतीकडे अपूर्णांकात वाटली जातात. त्यामुळे हार-जीत एका मताच्याही आत होऊ शकते. त्या अर्ध्या मतानंतर विलासराव संपले असं मानणारे पुष्कळ होते. १९९९ला ते लातुरातून प्रचंड मतांनी निवडून आले आणि १८ ऑक्टोबरला थेट मुख्यमंत्री म्हणून शपथ घेतली.

२००८च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला. केंद्रात गृहमंत्री चाकूरकर, राज्यात मुख्यमंत्री विलासराव. दोघेही लातूरचे, आणि काही दिवसांतच दोघांनाही पदं सोडावी लागली. राज्याच्या खुर्चीवर आले अशोक चव्हाण, शंकररावांचे चिरंजीव. मुख्यमंत्री झालेले महाराष्ट्रातले हे एकमेव बापलेक. पण त्याहून नवलाची गोष्ट वेगळीच आहे. १९८६ला लातूरच्या निलंगेकरांनी सोडलेली खुर्ची नांदेडच्या शंकररावांकडे आली होती. बावीस वर्षांनी लातूरच्या विलासरावांनी सोडलेली खुर्ची शंकररावांच्याच मुलाकडे आली. मराठवाड्यानं आजवर राज्याला चार मुख्यमंत्री दिले ते हेच चौघे. दोन नांदेडचे, दोन लातूरचे. औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर), जालना, परभणी, बीड, उस्मानाबाद (आताचं धाराशिव) यांच्या वाट्याला एकही नाही, आणि त्या जिल्ह्यांत याची खंत आजही बोलून दाखवली जाते.

ती खंत रास्त आहे. पण दोन मुख्यमंत्री, एक केंद्रीय गृहमंत्री आणि लोकसभेचा एक सभापती देणाऱ्या लातूरलाही २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं. ‘जलदूत’ हे त्या गाडीचं नाव इथल्या लहान मुलांनाही पाठ झालं होतं. नेत्यांच्या कर्तबगारीची यादी वाचताना त्या गाडीच्या टाक्या डोळ्यांपुढे ठेवाव्याच लागतात.

नांदेड शहराबाहेर विष्णुपुरीला गोदावरीवर उपसा सिंचनाचा मोठा प्रकल्प आहे. त्याच्या जलाशयाला शंकरसागर म्हणतात. त्याच विष्णुपुरीत विद्यापीठ आहे: स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. ते सुरू झालं १७ सप्टेंबर १९९४ला, मुक्तिसंग्रामाच्या दिवशी. त्या दिवशी दिल्लीत नरसिंह राव पंतप्रधान होते, शंकरराव गृहमंत्री आणि चाकूरकर सभापती. नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे या एकाच विद्यापीठाच्या छत्राखाली आले. आज लातूरकडच्या खेड्यातलं एखादं पोर पदवीचा कागद हातात घेतं, तेव्हा त्यावर सिंदगीला जन्मलेल्या आणि कधीच मंत्री न झालेल्या त्या मुख्याध्यापकाचं नाव छापलेलं असतं.