तीन पत्ती येते? मग ड्रॉ पोकर असं शिका

सालवडमध्ये आमच्या ओटीवर दिवाळीत पत्ते निघतातच. तारापूर एमआयडीसीत रात्रपाळी करणारी शेजारची पोरं झोप काढून दुपारी येतात. तीन पत्ती सगळ्यांना येते. मी शाळेत गणित शिकवते, म्हणून यंदा त्यांना पाच पत्त्यांचं ड्रॉ पोकर शिकवायला घेतलं. पैशाऐवजी चिंचोके, हे आधीच बजावलं. पैशाच्या जुगारावर आपल्याकडे १८८७ सालापासून कायदा आहे. १९६७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमीला कौशल्याचा खेळ म्हटलं, पण पोकरला ती सवलत द्यायला गुजरात उच्च न्यायालयाने २०१७मध्ये नकार दिला. मोबाइलवरच्या पैशाच्या खेळांवर २०२५मध्ये केंद्राने बंदी घातली, याचा मला मनापासून आनंद झाला.

खेळ सोपा आहे. बूट म्हणून प्रत्येकाने एक चिंचोका मध्ये टाकायचा, मग पाच-पाच पत्ते वाटायचे. पहिली बोली होते. कुणाला परवडत नसेल तर तो पॅक होतो. उरलेल्यांनी नको ते पत्ते उपडे टाकून तेवढेच नवे घ्यायचे. आमच्याकडे जास्तीत जास्त तीन. पुन्हा बोली, मग शो.

अडकतात ते हात ओळखताना. तीन एक्के आले की पोरं ट्रेल समजून उड्या मारतात आणि साध्या रनपुढे हरतात. रन लावणारा कलरपुढे हरतो, तेव्हा तर भांडणच होतं, कारण तीन पत्तीत रन कलरच्या वर असते. तीन पत्तीतला ट्रेल आणि एकाच जातीची रन यांचा क्रम सोडला, तर नियम मात्र दोन्हीकडे एकच आहे: जे दुर्मीळ, ते मोठं. तीन पत्त्यांचे एकूण २२,१०० हात होतात. एकाच जातीची रन वेगळी मोजली, तर त्यांत साध्या रन ७२०, कलर १,०९६ आणि ट्रेल फक्त ५२. पाच पत्त्यांचे हात २५,९८,९६० होतात. त्यांत रन १०,२००, कलर ५,१०८ आणि तीन सारखे तब्बल ५४,९१२. हे आकडे कागदावर मांडले आणि भांडण मिटलं. आता खालून वर चढत जा: मोठा पत्ता, जोडी, दोन जोड्या, तीन सारखे, रन, कलर, तीन सारखे अधिक जोडी म्हणजे फुल हाउस, चार सारखे, एकाच जातीची रन.

खरी गंमत पत्ते बदलण्यात आहे. हातात चार बदाम आहेत, पाचवा हवाय. न दिसलेले पत्ते ४७, त्यांत बदाम ९. म्हणजे पाचात एकदासुद्धा तो हमखास येत नाही. पाच, सहा, सात, आठ असतील तर चौका किंवा नव्वा, म्हणजे ८ पत्ते उपयोगी. पण पाच, सहा, आठ, नऊ असतील तर चारच सत्ते उरतात, साधारण बारात एक. अशा रनच्या मागे चिंचोके घालवू नका, हे मी पुन्हा पुन्हा सांगते. जोडी असेल तर तीच ठेवून तीन पत्ते घ्या. दहात जवळपास तीनदा हात सुधारतो.

आणि समोरच्याने किती पत्ते घेतले ते मोजा. तीन घेतले तर बहुधा जोडी. एक घेतला तर दोन जोड्या, नाहीतर कलर-रनची आशा. एकही घेतला नाही, तर एकतर त्याचा हात आधीच तयार आहे किंवा तो तुम्हाला घाबरवतोय; अशा वेळी पहिल्या फेरीत त्याने बोली कशी वाढवली होती ते आठवायचं आणि मगच चिंचोके पुढे सरकवायचे.