वाकलेला मजबूत पत्रा ठोकून सरळ का होत नाही?

बंगळुरू : चिकपेटच्या पेठेपासून जवळच असलेला जे. सी. रस्ता मोटारींच्या सुट्या भागांसाठी शहरभर ओळखला जातो. अपघातात चेपलेला भाग बदलायचा की ठोकून सरळ करायचा, हा प्रश्न घेऊनच अनेक वाहनधारक अशा बाजारात येतात. बाहेरच्या साध्या पत्र्याचे डेंटिंग बहुधा निभावते. मात्र दोन दारांमधील खांब किंवा बंपरमागील आडवी पट्टी आता अनेक गाड्यांत उच्च बळाच्या पोलादाची असते आणि तिथे हातोड्याचा अनुभव अपुरा पडतो.

पोलाद साधे असो वा मजबूत, त्याची लवचिकता जवळपास सारखीच, सुमारे 200 गिगापास्कल असते. साधा पत्रा 200 मेगापास्कल ताणाला कायमचा वाकतो. तोवर तो केवळ 0.1 टक्का ताणलेला असतो. 800 मेगापास्कलच्या पत्र्यात हेच प्रमाण 0.4 टक्के होते. दाब काढताच एवढा ताण मोकळा होतो आणि पत्रा मागे उसळतो. यालाच कारागीर ‘स्प्रिंगबॅक’ म्हणतात. मजबूत पोलाद वापरण्याचा हेतूच वजन घटवण्याचा असल्याने पत्रा पातळ असतो आणि पातळ पत्रा अधिक उसळतो. म्हणून कारखान्यात तो हव्या कोनापेक्षा थोडा जास्त वाकवला जातो.

तडा जाण्याचे कारण वेगळे. वाकवताना पत्र्याचा बाहेरचा थर ताणला जातो. आतील गोलाईची त्रिज्या जाडीइतकीच ठेवली तर हा ताण सुमारे 33 टक्के होतो. जाडीच्या तिप्पट ठेवली तर 14 टक्के. साधा पत्रा इतका ताण सोसतो, मजबूत पत्रा सोसेलच असे नाही. त्यातील मऊ फेराइट आणि कठीण मार्टेन्साइट यांच्या सीमेवर सूक्ष्म पोकळ्या निर्माण होतात व त्या जोडल्या की चीर उमटते. कातरलेल्या कडेवर तर बारीक भेगा आधीच असतात. म्हणून जाणकार कारागीर कड घासून घेतो आणि खरबरीत बाजू वाकीच्या आत ठेवतो.

मग गॅसच्या ज्योतीने तापवून सरळ केला तर? पत्रा वळतो, रंगाखाली खूणही लपते. पण मार्टेन्साइट नरम पडते. काही खांब कारखान्यात सुमारे 900 अंश सेल्सिअसला तापवून, साच्यातच झटपट थंड करून 1500 मेगापास्कलपर्यंत कठीण केलेले असतात. गॅरेजमध्ये हवेवर निवलेल्या खांबाला ते बळ परत मिळत नाही. त्यामुळे असा खांब सरळ न करता बदलावा लागतो.