कफाच्या बाटलीत नक्की काय असतं?

पावसाळा सरून पहाटे गारवा जाणवू लागला की मेडिकलच्या काउंटरवर एक मागणी वाढते : "छाती भरलीये, कफाची एखादी बाटली द्या." समोरून प्रश्न येतो, "कोरडा की ओला?" एवढ्या चौकशीवर बाटली हातात पडते. काही दिवसांत माणूस बरा होतो आणि श्रेय बाटलीला जातं. पुढच्या वेळी तीच बाटली शेजाऱ्यालाही सुचवली जाते. या बाटलीबद्दलचे बरेच समज याच वाटेनं पसरतात.

"औषध घेतलं की छाती साफ होते"

कफ सुटायला मदत करणारी औषधं ढोबळमानानं दोन प्रकारची. ग्वायफेनेसिन हे एक्स्पेक्टोरंट. त्यानं श्वासनलिकेतला स्राव पाणीदार होतो, त्यामुळे तो खोकून बाहेर काढणं सोपं जातं, असं मानतात. ब्रोमहेक्सिन आणि अँब्रॉक्सॉल ही म्युकोलिटिक, म्हणजे चिकट कफ पातळ करणारी. गंमत अशी की ब्रोमहेक्सिनचा उगम आपल्या परसातल्या अडुळशात आहे. अडुळशातल्या व्हॅसिसीन या द्रव्यावरून ते प्रयोगशाळेत बनवलं गेलं. ब्रोमहेक्सिन पोटात गेल्यावर शरीर त्यातूनच अँब्रॉक्सॉल तयार करतं. आजीचा काढा अगदीच निराधार नव्हता. पण काढ्यात किती द्रव्य उतरलं ते कुणी मोजत नाही, गोळीत ते मोजलेलं असतं.

यातलं एकही औषध विषाणू मारत नाही की आजाराचे दिवस खात्रीनं कमी करत नाही. दुकानात सहज मिळणाऱ्या खोकल्याच्या औषधांवरच्या अभ्यासांचा कॉक्रेन या संस्थेनं २०१४मध्ये एकत्र आढावा घेतला. ही औषधं उपयोगी आहेत किंवा निरुपयोगी आहेत, यांपैकी काहीच ठामपणे सांगण्याइतका पुरावा त्यांना मिळाला नाही. शिवाय सर्दीनंतरचा खोकला सरासरी १८ दिवस टिकतो. आपली अपेक्षा मात्र आठवड्याभराची असते. आठव्या दिवशी बाटली बदलावीशी वाटते ती या हिशेबातल्या फरकामुळे.

"एक्स्पेक्टोरंट लिहिलंय, म्हणजे साधंच औषध"

माझ्या मते खरी गफलत इथे आहे. आपल्याकडे 'एक्स्पेक्टोरंट' म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक बाटल्यांमध्ये एकटं एक्स्पेक्टोरंट नसतंच. बाटली फिरवून मागची बारीक अक्षरं वाचा. ग्वायफेनेसिन आणि अँब्रॉक्सॉलच्या जोडीला लेव्होसालब्युटामॉल किंवा टर्ब्युटालीन असं एखादं नाव सापडेल. ही दम्याची औषधं. ती आवळलेल्या श्वासनलिका सैल करतात. दमा नसलेल्या, साध्या सर्दीनं छाती भरलेल्या माणसाला त्यांचा फारसा उपयोग नाही. हात थरथरणं, छातीत धडधडणं आणि रात्री झोप न लागणं मात्र वाट्याला येऊ शकतं. हृदयाच्या ठोक्यांचा त्रास, उच्च रक्तदाब, वाढलेलं थायरॉइड किंवा मधुमेह असेल तर अशी बाटली विचारल्याशिवाय घेऊच नये. आधीच सालब्युटामॉलचा पंप ओढणारा दम्याचा रुग्ण वरून हे सिरप घेतो, तेव्हा एकाच जातीचं औषध दोन वाटांनी पोटात आणि छातीत जातं. त्याला याचा पत्ताही नसतो.

दुसरी गोष्ट मात्रेची. प्रौढ माणसासाठी ग्वायफेनेसिनची नेहमीची मात्रा दर चार तासांनी २०० ते ४०० मिलिग्रॅम, आणि दिवसाची कमाल मर्यादा २,४०० मिलिग्रॅम. आपल्या कित्येक मिश्र सिरपांत ५ मिलिलिटरमागे ते जेमतेम ५० मिलिग्रॅम असतं. मग कुणाला वाटेल, चार टोपणं घेऊ. पण टोपणं चौपट केली की सोबतचं दम्याचं औषधही चौपट होतं. मिश्रणाच्या बाटलीत एक घटक वाढवून दुसरा तेवढाच ठेवता येत नाही, म्हणून लेबलवरची मात्रा ओलांडायची नाही.

काही बाटल्यांत कफ सोडवण्याच्या नेमकं उलटं काम करणारं औषध असतं : डेक्स्ट्रोमेथॉर्फन. ते खोकल्याची उबळ दाबतं. कोरड्या ढासेनं रात्र जागून काढणाऱ्याला त्यानं थोडी झोप मिळेल. पण छातीत कफ घरघरत असताना खोकलाच दाबला तर तो कफ निघणार कुठून? नैराश्यावरच्या काही गोळ्यांबरोबर ते घातक ठरू शकतं, हेही लक्षात ठेवावं. क्लोरफेनिरामिन दिसलं तर गुंगी येईल असं धरून चाला आणि गाडी चालवू नका. पॅरासिटामॉल दिसलं तर तापाची वेगळी गोळी घेण्याआधी दोन्हींचा हिशेब करा. मधुमेह असलेल्यांनी साखरविरहित प्रकार मागावा.

"चिठ्ठीशिवाय मिळालं, म्हणजे निर्धोक"

भारतात 'चिठ्ठीशिवाय विकायची औषधं' असा वेगळा वर्ग कायद्यात आखलेलाच नाही. ज्यांना डॉक्टरची चिठ्ठी लागते त्यांची यादी आहे; उरलेली तशी मिळतात. आणि यादीतली औषधंही काउंटरवरून सर्रास दिली जातात, हे कुणाला नवीन नाही. लेबलवर लाल रेघ आणि 'आरएक्स' ही खूण असेल, तर ते औषध दुकानदाराच्या सल्ल्यानं घ्यायचं नाही. अँब्रॉक्सॉल आणि ब्रोमहेक्सिनच्या बाबतीत युरोपीय औषध संस्थेनं २०१५मध्ये ॲलर्जीच्या आणि त्वचेच्या गंभीर प्रतिक्रियांचा इशारा दिला. धोका लहान आहे, पण अंगावर पुरळ उठलं, ओठ सुजले किंवा तोंडात फोड आले तर औषध त्याच क्षणी बंद करून दवाखाना गाठायचा.

"मुलांना अर्धा चमचा चालतो"

नाही चालत. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात 'कोल्ड्रिफ' हे सिरप घेतल्यावर २०हून जास्त मुलांचा मूत्रपिंडं निकामी होऊन मृत्यू झाला. त्यांतल्या अनेकांना उपचारांसाठी नागपूरला आणलं होतं. तमिळनाडूच्या तपासणीत त्या सिरपात ४८.६ टक्के डायइथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं. मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे. ते सिरप सर्दीवरचं होतं, कफावरचं नव्हतं. पण विष शिरतं ते औषधातून नाही, ते विरघळवणाऱ्या गोड द्रवातून, आणि असा द्रव दोन्हींत असतो. हे विष महाराष्ट्राला नवीन नाही. १९८६मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच रसायनाची भेसळ झालेल्या ग्लिसरीननं १४ रुग्ण दगावले होते आणि त्यासाठी न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमावा लागला होता.

भेसळ बाजूला ठेवली तरी लहान मुलांना या औषधांचा फायदा दिसत नाही. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं ऑक्टोबर २०२५मध्ये स्पष्ट सांगितलं : दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची सिरपं देऊ नयेत, आणि पाच वर्षांखाली ती सर्वसाधारणपणे टाळावीत. त्याहून मोठ्या मुलाला डॉक्टरांनी दिलंच, तर बाटलीबरोबरच्या टोपणानं मोजा. स्वयंपाकघरातला चमचा एका घरात ३ मिलिलिटरचा तर दुसऱ्या घरात ७चा असू शकतो. वर्षावरच्या मुलाला झोपताना चमचाभर मध दिला तर खोकल्याला आराम पडतो. वर्षाखालच्या बाळाला मात्र मधाचं बोटही नको, बोट्युलिझम या विषबाधेचा धोका असतो.

"बेडका हिरवा झाला, आता अँटिबायोटिक हवं"

शरीराच्या पांढऱ्या पेशी लढायला जमतात, तेव्हा त्यांच्यातल्या एका हिरवट विकरामुळे बेडक्याला रंग येतो. विषाणूच्या सर्दीतही तो येतो. रंगावरून जंतू ओळखता येत नाहीत, आणि अशा खोकल्यांत बहुतेक वेळा कारण विषाणूच असतो. त्यावर अँटिबायोटिक चालत नाही.

काही किरकोळ समज. दुधानं कफ वाढत नाही. ते लाळेत मिसळून घसा काही वेळ चिकट वाटतो एवढंच, तेव्हा हळददूध आवडत असेल तर खुशाल प्या. कफ गिळला तर पोटात जिरतो, अपाय होत नाही. पाणी तहानेपुरतं पुष्कळ प्यावं, पण हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात पाणी मोजून सांगितलं असेल तर तो आकडा मोडू नये. वाफेनं बरं वाटतं. मात्र उकळत्या पाण्याचं पातेलं कलंडून मुलं भाजतात, म्हणून घरात लहान मूल असेल तर ते टाळलेलंच बरं.

आणि कधी कधी बाटली मुळातच चुकीची असते. रक्तदाबासाठी रामिप्रिल किंवा एनालाप्रिल घेणाऱ्यांना कोरडा खोकला येऊ शकतो. तिथे उपाय सिरपाचा नाही, डॉक्टरांकडून गोळी बदलून घेण्याचा. आडवं झाल्यावर दम लागून छाती घरघरत असेल आणि पाय सुजत असतील, तर तो कफ नसून हृदयाचा त्रास असू शकतो. धाप लागणं, छातीत दुखणं, कफात रक्त, तीन दिवसांवर टिकलेला ताप, यांपैकी काहीही असेल तर मेडिकलऐवजी दवाखान्याची वाट धरा. आणि खोकला दोन आठवड्यांहून अधिक लांबला असेल, वजन घटत असेल, रात्री घाम येत असेल, तर तिसरी बाटली विकत घेण्याआधी थुंकीची क्षयरोगासाठी तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते, आणि औषधंही तिथे मोफतच मिळतात.