कर्नी स्ट्रीटवरची भट्टी

सॅन फ्रान्सिस्कोच्या नॉर्थ बीच भागात कर्नी स्ट्रीटवर ‘तोमासोज’ नावाची एक खाणावळ आहे. रस्त्यावरून काही पायऱ्या खाली उतरायचं, की तळघरासारखी लांबट, कमी उजेडाची खोली लागते. मधोमध अनोळखी माणसं शेजारी शेजारी बसतात असं लांब टेबल, कडेला लाकडी आडोशांनी वेगळे केलेले कप्पे, भिंतींवर नेपल्सच्या उपसागराची जुनी चित्रं. टेबल राखून ठेवायची सोय नाही. यायचं आणि थांबायचं. आतल्या बाजूला विटांची भट्टी आहे आणि ती लाकडावर चालते. ही जागा 1935 साली नेपल्सहून आलेल्या कान्तालुपो कुटुंबाने ‘लुपोज’ या नावाने उघडली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची लाकडावर चालणारी पहिली पिझ्झा-भट्टी हीच, असा दावा केला जातो. दावा खरा-खोटा ठरवण्यात मला फारसा रस नाही. अशा जागांबद्दल लिहिताना एक ठरलेली गोष्ट सांगितली जाते, ती मला तपासून पाहायची आहे: गरीब इटालियन माणसं बोटीतून आली, सोबत लाकडाची भट्टी आणि आजीची कृती घेऊन आली आणि आपल्या वस्तीत त्यांनी गावाकडची चव जपली. ही गोष्ट गोड आहे, पण निदान या भट्टीला ती लागू पडत नाही. तोमासोजचं मोल वेगळ्याच कारणासाठी आहे असं मला वाटतं.

आधी वस्तीकडे पाहू. 1880 ते 1924 या काळात सुमारे 40 लाख इटालियन अमेरिकेत आले. त्यातले बहुसंख्य दक्षिणेकडचे, आणि ते मुख्यतः पूर्व किनाऱ्यावर राहिले. कॅलिफोर्नियात मात्र उत्तरेकडच्यांचं पारडं जड होतं. नॉर्थ बीचमध्ये जिनोव्हा आणि त्याच्या आसपासच्या लिगुरियाचे लोक होते, तोस्कानातल्या लुक्का भागातले होते, आणि मासेमारी करणारे सिसिलियन होते. 1904 मध्ये याच वस्तीत ‘बँक ऑफ इटली’ काढणारे ए. पी. जियानिनी लिगुरियन आईबापांच्या पोटी जन्मलेले. पुढे ती बँक ‘बँक ऑफ अमेरिका’ झाली. आता या उत्तरेकडच्या मंडळींना पिझ्झाशी काय देणंघेणं? पिझ्झा हा तेव्हा नेपल्स शहरातल्या गोरगरिबांचा, रस्त्यावर उभ्याने खायचा पदार्थ. खुद्द इटलीत तो सर्वदूर पोचला दुसऱ्या महायुद्धानंतर, दक्षिणेतले मजूर उत्तरेकडच्या कारखान्यांत जाऊ लागले तेव्हा. नॉर्थ बीचच्या लिगुरियन घरांत खाल्ला जायचा तो फोकाचा, म्हणजे तेल लावून भाजलेला जाडसर पाव. वॉशिंग्टन स्क्वेअरच्या कोपऱ्यावरची ‘लिगुरिया बेकरी’ 1911 पासून तो विकत आली आहे. तेव्हा 1935 साली कान्तालुपोंनी इथे पिझ्झा भाजायला घेतला, तो स्वजनांची आठवण भागवण्यासाठी नव्हता. आपल्याच देशबांधवांसाठी तो बऱ्याच अंशी परका पदार्थ होता. वस्ती इटालियन म्हणून पिझ्झा तिथला, हे समीकरण आपण मागाहून मांडलं आहे.

सरपणाचीही तीच गत. लाकडाची भट्टी ही स्थलांतरितांची सार्वत्रिक परंपरा असती, तर पूर्व किनाऱ्यावर ती जागोजाग दिसायला हवी होती. दिसतो तो कोळसा. न्यूयॉर्कमध्ये स्प्रिंग स्ट्रीटवरचं ‘लोम्बार्डीज’ 1905 पासून पिझ्झा विकत असल्याचं सांगितलं जातं. कोनी आयलंडवरचं ‘तोतोनोज’ 1924 चं, न्यू हेवनच्या वूस्टर स्ट्रीटवरचं ‘फ्रँक पेपे’ 1925 चं. या साऱ्यांची ख्याती कोळशाच्या भट्ट्यांची. कारण सरळ होतं. पेनसिल्व्हानियातला कडक कोळसा मुबलक आणि स्वस्त होता, शहरातल्या पावाच्या बेकऱ्या त्यावरच चालत, आणि पिझ्झावाल्यांनी तसल्याच भट्ट्या वापरल्या. नेपल्सच्या माणसाने नेपल्सचं सरपण धरून ठेवलं नाही. हाताशी जे होतं ते जाळलं. महायुद्धानंतर गॅसवर चालणाऱ्या, एकावर एक थर असलेल्या पोलादी भट्ट्या आल्या. त्यांना ना रात्रभर धग सांभाळणारा माणूस लागत होता, ना सरपण ठेवायला जागा. पिझ्झा अमेरिकाभर पसरला तो या भट्ट्यांच्या जोरावर. त्या काळात लाकूड जाळत राहणं मागासपणाचं वाटत असेल, निदान खर्चाचं आणि कटकटीचं तर नक्कीच. कर्नी स्ट्रीटवर ते चालू राहिलं.

या भट्टीत नेमकं घडतं काय, हे समजून घेतल्याशिवाय पुढचं बोलणं हवेतलं होईल. अशी भट्टी म्हणजे विटांची सपाट जमीन आणि तिच्यावर बुटका घुमट. आग एका कडेला किंवा मागच्या बाजूला असते. ज्वाळा घुमटाला घासत पुढे सरकते, घुमट तापतो आणि ती धग खाली फेकतो. पिझ्झा उघड्या विटांवर ठेवला जातो. त्याला खालून विटेची आच, वरून घुमटाची, आणि भोवती फिरणाऱ्या तापलेल्या हवेची, अशा तीन वाटांनी उष्णता मिळते. कडेची कणीक फुगते, तिच्यावर काळे ठिपके उठतात, आणि वरचं चीज आटून कोरडं पडायच्या आत सगळं बाहेर येतं. लांब दांड्याची फळी हातात घेतलेला माणूस मधूनच पिझ्झा अर्धा फिरवतो, कारण आगीकडची बाजू आधी करपते. भट्टीचा कुठला कोपरा आज किती तापलाय हे त्याच्या हाताला कळलेलं असतं. तापमापक असला तरी निर्णय नजरेचाच. आपल्याकडे गोव्यातला पोदेर किंवा मुंबईतला पाववाला ज्या भट्टीपुढे उभा राहतो, तिचंही शास्त्र मुळात हेच. फरक इतकाच, की पाव भाजताना आग विझवून किंवा ओढून साठलेल्या धगीवर काम होतं, आणि पिझ्झाला जिवंत ज्वाळा लागते.

इथे एक रोखठोक आक्षेप येतो. ही सारी विटेची करामत. लाकडाचं यात काय? आक्षेपात बरंच तथ्य आहे. आंद्रेई व्हार्लामोव्ह या भौतिकशास्त्रज्ञाने दोन सहकाऱ्यांबरोबर 2018 मध्ये पिझ्झा भाजण्याच्या भौतिकीवर एक निबंध लिहिला. रोममधल्या विटांच्या भट्टीत साधारण 330 अंश सेल्सियसला पिझ्झा दोन मिनिटांत होतो. तेवढ्याच तापमानाच्या पोलादी तळावर ठेवला, तर तो खालून जळेल. वीट उष्णता सावकाश सोडते, त्यामुळे कणकेशी तिचा स्पर्श होतो तिथलं तापमान 200 अंशांच्या जरा वर राहतं. पोलादावर ते 300 च्या घरात जातं. म्हणून पोलादी तळाच्या विजेच्या भट्टीत तापमान 230 पर्यंत उतरवावं लागतं आणि वेळ 170 सेकंदांपर्यंत वाढवावा लागतो. तेवढ्यात वरच्या भाजीटोमॅटोतलं पाणी अधिक उडून जातं. या सगळ्या हिशेबात लाकूड कुठेच निर्णायक नाही. शिवाय धूर घुमटाखालून वर चढून तोंडाशी असलेल्या धुराड्यातून निघून जातो. मिनिट-दोन मिनिटांत कणकेला त्याचा वास लागून लागून किती लागणार? ‘लाकडाच्या धुराची चव’ म्हणून जी वाखाणली जाते, ती बहुतांशी करपलेल्या पिठाची चव असते. नेपल्सची ‘खरा पिझ्झा’ जपणारी संघटनाही आता ठरावीक कसोट्या पार करणाऱ्या गॅसच्या आणि विजेच्या भट्ट्यांना मान्यता देते.

तर मग लाकूड ही नुसती हौसच म्हणायची का? तसंही नाही. पण त्याचं उत्तर चवीत नाही, नंतरच्या घडामोडींत आहे. 1970 च्या दशकात बर्कलीच्या ‘शे पानिस’ या उपाहारगृहाच्या अॅलिस वॉटर्स तोमासोजमध्ये जेवायला येत. या भट्टीवर त्या लुब्ध झाल्या, आणि 1980 मध्ये ‘शे पानिस’च्या वरच्या मजल्यावर कॅफे उघडला तेव्हा त्यात लाकडाची भट्टी बांधून घेतली. दोन वर्षांनी वुल्फगँग पक यांनी लॉस एंजेलिसमध्ये ‘स्पागो’ काढलं आणि धुरावलेल्या सामन माशाचा पिझ्झा सिनेनटांच्या टेबलावर नेला. तिथे भट्टी सांभाळणाऱ्या एड लाडू यांनीच 1985 मध्ये ‘कॅलिफोर्निया पिझ्झा किचन’चा पहिला मेन्यू बेतला, ती साखळी फिरत फिरत मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलापर्यंत पोचली. आज पुण्या-मुंबईत ‘वुडफायर्ड’ ही पाटी पाहून माणसं जास्तीचे पैसे मोजतात, त्या प्रतिष्ठेचा एक धागा या तळघरात येऊन मिळतो. आणि सनावळी पाहा. नेपल्सची ती संघटना स्थापन झाली 1984 मध्ये. युरोपीय संघाने नेपल्सच्या पिझ्झाला संरक्षण देऊन लाकडाची भट्टी बंधनकारक केली 2010 मध्ये. नेपल्सच्या पिझ्झा-कारागिरीला युनेस्कोची मोहोर मिळाली 2017 मध्ये. अस्सलपणाचे हे सगळे दाखले, वॉटर्स यांनी भट्टी पेटवली त्यानंतरचे. म्हणजे परंपरा आधी कागदावर ठरली आणि मग पाळली गेली असं झालं नाही. एका खाणावळीने एक अवजार पंचेचाळीस वर्षं रोजच्या वापरात ठेवलं, म्हणून दुसऱ्या कुणाला ते पाहता आलं, चाखता आलं, उचलता आलं. अवजार संग्रहालयात ठेवून हे होत नाही. भट्टी रोज पेटली, लाकूड रोज फोडलं गेलं, नव्या पोऱ्याला आग कशी राखायची हे रोज शिकवलं गेलं, तरच ते ज्ञान पुढे सरकतं. माझा मुद्दा एवढाच आहे: या जागेचं मोल ती कुठून आली यात नसून ती थांबली नाही यात आहे.

यावर कुणी म्हणेल, की थांबली नाही हा निव्वळ योगायोग. भट्टी पाडून नवी बांधायला पैसे नसतील. असेलही. मात्र योगायोगाने भट्टी टिकते, तिच्यावर काम करणारा माणूस टिकत नाही. इथे तो कोण होता हे पाहण्यासारखं आहे. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला कान्तालुपोंनी खाणावळ विकली ती तिथल्याच जुन्या आचाऱ्याला, टॉमी चिन यांना. ‘तोमासोज’ हे नाव त्यांच्यावरून पडलं. इटालियन थाटाच्या या पाटीमागे एक चिनी आडनाव आहे, हे बाहेरून आलेल्याच्या ध्यानीमनीही नसतं. 1973 मध्ये ती क्रोत्ती या इटालियन कुटुंबाकडे गेली आणि पुढेही त्यांच्याचकडे राहिली. मधल्या या दुव्याला मी तपशील मानत नाही, पुरावा मानतो. ब्रॉडवे रस्त्याच्या अलीकडे चायनाटाऊन, पलीकडे नॉर्थ बीच; 1965 च्या कायद्याने आशियातून येणाऱ्यांवरची बंधनं सैल झाली आणि चायनाटाऊन उत्तरेकडे पसरलं. इटालियनांची पुढची पिढी उपनगरांत गेली. ‘सेंट्स पीटर अँड पॉल’ या वस्तीच्या मोठ्या चर्चमध्ये इंग्रजी, इटालियन आणि चिनी अशा तिन्ही भाषांत प्रार्थना होऊ लागल्या. रक्ताचा वारसा शोधत बसलं, तर या भट्टीची साखळी तुटलेली दिसते. हाताचा वारसा पाहिला, तर ती सलग आहे.

राहिला प्रश्न देखाव्याचा. नॉर्थ बीच आज बऱ्याच अंशी पर्यटकांचं आहे. विजेच्या खांबांवर इटलीच्या झेंड्याचे तीन रंग रंगवलेले आहेत, आणि ज्या वस्तीला अशी रंगरंगोटी करावी लागते तिथे मूळ रहिवासी थोडेच उरलेले असतात. ही टीका वस्तीला लागू आहे, सरसकट प्रत्येक दुकानाला नाही. पर्यटक बघतो आहे म्हणून कणीक कमी मळून चालत नाही, नि धग खोटी करता येत नाही.

खरा अवघड आक्षेप धुराचा आहे, आणि तो मला टाळता येत नाही. लाकूड जाळलं की बारीक कण हवेत जातात. नेपल्सजवळच्या सान व्हितालियानो या गावात 2015 च्या डिसेंबरात, गाळणी न बसवलेल्या लाकडाच्या भट्ट्यांवर महापौरांनी हिवाळ्यापुरती बंदी घातली, पिझ्झाच्या मायदेशातच. न्यूयॉर्कने 2024 मध्ये लाकूड आणि कोळशाच्या जुन्या भट्ट्यांना धुरातले कण 75 टक्क्यांनी कमी करण्याचा नियम लागू केला. शेजाऱ्यांच्या फुप्फुसांपुढे परंपरा मोठी नाही. नियम असायलाच हवेत. पण नियम पाळण्याची किंमत कोण भरतं, तेही पाहावं. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. मुंबईचा पाव भाजणाऱ्या इराणी आणि इतर जुन्या बेकऱ्यांच्या भट्ट्या त्यात आल्या. धुराची गाळणी किंवा नवी भट्टी यांचा खर्च ‘वुडफायर्ड’ पाटी लावणारा पिझ्झावाला गिऱ्हाइकाकडून वसूल करू शकतो, कारण त्याचं गिऱ्हाईक त्या आगीसाठीच आलेलं असतं. पाववाल्याच्या गिऱ्हाइकाने भट्टी कधी पाहिलेलीही नसते, आणि लादी दोन-चार रुपयांनी महागली तरी ते कुरकुरतं. त्याच विटा, तोच घुमट, तसंच लाकूड. पण एका भट्टीला कुणीतरी कौतुकाने भेट देऊन गेलं, दुसऱ्या भट्टीला ते अजून लाभायचं आहे.