बाळंतपणातली चूक दोन वर्षांनी लक्षात आली, तर तक्रार करता येते का?

१० जुलै १९६३. औरंगाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये एक महिला बाळंत झाली. मुलगा झाला. तीन दिवसांनी तिथेच तिची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर ताप आणि पोटात असह्य दुखणं सुरू झालं. १९ जुलैला पोट पुन्हा उघडलं, तेव्हा आत रक्त टिपायचा टॉवेल राहिलेला सापडला. २४ जुलैला तिचा मृत्यू झाला.

कुटुंबाने भरपाईचा दावा लावला. खालच्या कोर्टाने ३६,००० रुपये मंजूर केले, हायकोर्टाने तो निकाल फिरवला. शेवटी १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारला जबाबदार धरलं. हाच तो ‘अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ खटला.

इथे पुरावा डोळ्यांसमोर होता. पण इजा बाळाला झाली, तर ती दिसायलाच अनेकदा वर्ष-दोन वर्षं जातात. खरी अडचण तिथेच आहे.

बाळाला इजा होते म्हणजे काय?

बाळाचा खांदा अडकला आणि जास्त ओढाओढ झाली, तर हाताच्या नसांना मार बसू शकतो. प्रसूतीच्या वेळी मेंदूला ऑक्सिजन कमी पडला, तर पुढे सेरेब्रल पाल्सी होऊ शकते. मान वेळेत न धरणं, उशिरापर्यंत न बसणं, हात-पाय ताठ राहणं ही त्याची काही लक्षणं.

पण प्रत्येक वेळी चूक डॉक्टरांचीच असते असं नाही. गरोदरपणातला संसर्ग, दिवस भरण्याआधी झालेला जन्म किंवा तीव्र कावीळ हीसुद्धा कारणं असू शकतात. कोर्ट साधारण एवढंच बघतं: त्या परिस्थितीत एखाद्या जाणकार डॉक्टरने जी काळजी घेतली असती, ती घेतली गेली का? बाळाचे ठोके तपासले का? ते कमी झाल्यावर सिझेरियनला किती वेळ लागला? बाळ रडलं नाही, तेव्हा काय केलं?

मुदत किती?

ग्राहक कायद्यानुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. उशिराचं ठोस कारण असेल, तर आयोग तो माफ करू शकतो. पण त्यावर विसंबून राहणं धोक्याचं आहे.

मुंबईतल्या एका शस्त्रक्रियेचं उदाहरण बघा. ऑपरेशन झालं १९९३ मध्ये, पोटातला कापसाचा बोळा सापडला २००२ मध्ये आणि तक्रार झाली २००४ मध्ये. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये ती मुदतीबाहेर ठरवली. इजा खरोखर लपलेली असेल, तर ती कळल्यापासून मुदत मोजता येते. पण इथे नऊ वर्षं त्रास होत असूनही, स्वतः नर्स असलेल्या रुग्णाने त्या डॉक्टरांना विचारलं नव्हतं, असं कोर्टाचं म्हणणं पडलं.

थोडक्यात, बाळाबद्दल शंका आली की ‘मोठं झाल्यावर होईल ठीक’ म्हणत थांबू नका. बाळाची तपासणी करून घ्या आणि तारखांची नोंद ठेवा.

सगळ्यात आधी काय करायचं?

केसपेपर मागायचे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार, रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात. मात्र दाखल रुग्णांचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षं जपण्याचं बंधन आहे. म्हणून अर्ज लेखी करा आणि पोच घ्या. बाळाच्या ठोक्यांचा आलेख, कळांच्या नोंदी, सिझेरियनची वेळ, जन्मानंतरचा ॲपगार स्कोअर आणि एनआयसीयूचे कागद आवर्जून मागा.

तक्रार कुठे?

प्रभादेवी-परळ पट्ट्यात कुणी खासगी नर्सिंग होममध्ये बाळंत होतं, तर कुणी पालिकेच्या रुग्णालयात. त्यानुसार वाट बदलते. पैसे देऊन उपचार घेतले असतील, तर ग्राहक आयोगात जाता येतं. सगळ्यांनाच मोफत सेवा देणारी रुग्णालयं या कायद्यात येत नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये सांगितलंय. तिथे दिवाणी दाव्याचा मार्ग राहतो. औरंगाबादच्या कुटुंबाने तोच घेतला होता.

डॉक्टरांच्या वर्तनाबद्दलची तक्रार महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे करता येते. परिषद नोंदणीवर कारवाई करू शकते, भरपाई देत नाही. फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा फार गंभीर असावा लागतो, असा २००५ चा निकाल आहे.

आणि भरपाई?

१९९६ मध्ये चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात दिवस भरण्याआधी एक मुलगी जन्मली. अशा बाळांच्या डोळ्यांची वेळेत तपासणी लागते. तसं आई-वडिलांना कुणी सांगितलंच नाही आणि मुलीची दृष्टी गेली. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सुमारे १ कोटी ८० लाखांची भरपाई दिली, कारण तिच्या उपचारांचा खर्च आयुष्यभराचा होता. तोपर्यंत ती मुलगी अठरा वर्षांची झाली होती.